दुसरी काडेपेटी

मी गवंडी आहे, आणि माझं काम ढासळत नाही. हे मी चारचौघांत छाती ठोकून सांगतो. समुद्र अंगणात शिरायला लागला तेव्हा मी घरासमोर दगडी भिंत घातली. ती माझ्या कुंपणापाशी संपली. पलीकडे धाकट्या बहिणीचं घर. तिच्यासमोर वाळू भरपूर होती, मग कशाला उगाच?

दोन वर्षांत तिची वाळू गेली. मी म्हणालो, नशीब एकेकाचं.

तिची मुलगी बंदराच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. परवा तिनं मला तिथे बोलावून घेतलं. "मामा, चिडायचं नाही हं." म्हणजे चिडण्यासारखंच काहीतरी असणार.

खोलीएवढा उथळ हौद. एका टोकाला हलणारी फळी, दुसऱ्या टोकाला वाळू. वाळूवर दोन काडेपेट्या: एक माझं घर, एक तिच्या आईचं. माझ्या पेटीसमोर भिंत म्हणून फरशीचा तुकडा उभा केलेला.

फळी हलली. पाण्यावर टाकलेलं बूच वर गेलं, खाली आलं, पण राहिलं जागच्या जागीच.

"पाणी पुढे येत नाही, मामा. लांब कुठेतरी वारा पाण्याला ढकलतो, तो धक्का तेवढा सरकत येतो. किनाऱ्याजवळ तळ त्याला अडवतो, मग लाट उभी राहून कोसळते."

"मग माझी भिंतही अडवतेच की!"

"पण लाटेचा जोर जाणार कुठे?"

लाट फरशीवर आपटून मागे फिरली, जाताना पायथ्याची वाळू खरवडून घेऊन गेली. पुढची लाट फरशीच्या टोकाला वळसा घालून आत शिरली. दुसरी काडेपेटी आधी कलली, मग तरंगायला लागली.

"अगं, बंद कर ते!" मी ओरडलो.

तिनं फळी थांबवली. "आई तुला सांगू देत नव्हती," ती म्हणाली.

तडक बहिणीकडे गेलो. ती शिवणकाम करते. मशीन आधी पुढच्या खोलीत होतं, मग मधल्या खोलीत गेलं. "पुढे डोळ्यावर ऊन येतं," ती म्हणाली होती, आणि मी शहाण्यानं ते खरं मानलं. आता पुढच्या दोन्ही खोल्यांत समुद्राची ओल होती आणि मशीन स्वयंपाकघरात. तिथे खिडकीच नाही. भर दुपारी दिवा लावून ती सुईत दोरा ओवत होती. मला स्वतःचीच लाज वाटली.

"बोलली का नाहीस गं?"

"भिंत झाली आणि तू शांत झोपायला लागलास, दादा."

भिंत पाडायला मी घरून पहार घेऊन आलो.

"वेड लागलंय का तुला? समुद्र तुझ्याही अंगणात येईल."

"येऊ दे. निम्मा निम्मा वाटून घेऊ."

मी बाहेर जाऊन पहार लावली, पण भिंतीच्या टोकाचा दगड काही केल्या हलेना. काम माझंच, ढासळणार कसं? तेव्हा बहिणीनं दिवा बंद केला, बाहेर आली आणि माझ्या शेजारी उभं राहून पहारेला हात घातला.