दरीत राहिला तो माझा थोरला

तो दरीत नेमका कुठं पडला? मी सगळ्यांना विचारलं. कुणी सांगितलं नाही. पंच्याचं कोण ऐकतं?

होय, मी पंचा बोलतोय. सोलापुरात, भवानी पेठेत, गुरम्माच्या पेटीत तळाशी घडी होऊन पडलोय. शाळा मला माहीत नाही. पाहिलं तेवढं सांगतो.

गुरम्माचा नवरा येडू विणकर. त्यानं आम्हा दोघांना मागावरच्या एकाच ताण्यावर, एकाच उभ्या धाग्यांवर विणलं. आधी थोरला, मग मी. जोडीच्या मध्ये चार बोटं जागा नुसत्या धाग्यांची सोडतात. विकत घेणारा तिथं कापतो. आम्हाला कुणी कापलं नाही.

"ही जोडी इकायची न्हाय," येडू म्हणाला. "गुरम्माला समुद्र दाखवाया न्यायचं हाय. तवा खांद्यावर घेणार."

गुरम्माला सातवा महिना होता. कुणाला आंबट खावंसं वाटतं, हिला समुद्र बघावासा वाटला. तेहतीस सालच्या पौषात ती दोघं कोल्हापूरला तिच्या बहिणीकडं गेली आणि तिथून एका दिवसासाठी भाड्याच्या मोटारीनं कोकणच्या घाटात. त्या दिवशी दोघांच्या अंगावर सगळं कोरं होतं. विणकराचा तोरा.

सपाटीची माणसं ती. वळण आलं की गुरम्मा डोळे मिटून येडूचा दंड धरायची. एका वळणावर ड्रायव्हर अण्णारावानं मोटार थांबवून डोंगरांपलीकडं बोट केलं. लांब एक पांढरी पट्टी चमकत होती.

"आगं बया! एवढा ताणा कुणी पसरलाय?" गुरम्मा म्हणाली. आमच्या गल्लीत धाग्यांना पेजेची खळ द्यायला ताणा तसाच पसरतात.

"वहिनी, त्यो समुद्र हाय की!"

"मग सांजच्याला गुंडाळणार कोण?"

तिघंही हसली. थोरला तेव्हा माझ्या शेजारीच होता.

तेवढं बघून मोटार मागं वळवली. परत चढताना तिची पाण्याची रबरी नळी फाटली. वाफ उसळली. तेवढ्यात गुरम्मानं पोट धरलं.

"आवं, कळा येत्यात."

"आत्ता? सातवा हाय की!"

"ते पोटातल्याला सांगा."

सुईण दोन मैल वर, घाटमाथ्याच्या गावात. "नळीला आवळाया जाड कापड द्या, लवकर!" अण्णाराव ओरडला. येडूनं आम्हाला खांद्यावरून ओढलं. कात्री नव्हती. त्यानं मधले धागे दातांनी तोडले. थोरला गेला, मी राहिलो. मी का नाही, हेही कुणी सांगितलं नाही.

थोरला उकळत्या नळीवर दोन मैल आवळून बसला. मोटार चढली.

सुईणीचं घर दरीच्या कडेलाच होतं. गुरम्माला आत नेलं. बाहेर, आता सवड मिळाल्यावर, अण्णारावानं मोटारीतली जादा नळी बसवायला घेतली. थोरल्याला चाकूनं कापून काढलं. तो काळा पडला होता, शिजला होता. अण्णारावानं तो दरीत भिरकावला आणि हात पुसले.

आत बाळ रडलं.

"दिवस मोजायला चुकलासा. नववा लागलाय," सुईण दारात येऊन म्हणाली. "बापाच्या अंगावरचं जुनेर द्या."

येडूनं मला पुढं केलं.

"कोरं हाय ह्ये. कोऱ्यात बाळ गुंडाळत न्हाईत."

येडू मला घेऊन ओढ्यावर पळाला. स्वतःच्या हातानं दिलेली खळ त्यानं मला दगडावर आपटून आपटून काढली. ओठ दाबून रडत होता. मग चुलीच्या धगीवर धरून वाळवलं. घटकेत मी जुना झालो.

"आता?"

सुईणीनं मला गालाला लावून बघितलं. "चाललं की."

त्यानंतर मला कुणी वापरलं नाही. गुरम्मानं पेटीत जपून ठेवलं. येडूनं मला दुसरा जोडीदार विणला नाही, ते बरं केलं. तुम्ही कधी त्या घाटात गेलात तर दरीत वाकून माझ्या थोरल्याला एवढंच सांगा, मुलगी झाली.

त्या दुपारी मी तिला गुंडाळून घेतलं. दातांनी तोडलेल्या माझ्या दशा तिच्या मुठीत आल्या. तिथंच थोरला जोडलेला होता. दुखत होतं. मी तिला त्या धरू दिल्या.