मामुली काटा

वांग्याच्या वावरात आईच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. आमच्याकडे असा काटा सुईने कोरून काढतात आणि बिब्बा दिव्यावर धरून त्याचं गरम तेल जखमेवर टेकवतात. जितका चटका जोराचा, तितका काटा खोल, असा समज. माणूस ओरडला की त्याला वावरात जाऊ देत नाहीत.

आई ओरडली नाही.

"मले तं चटकाच लागला नाही," ती फोनवर म्हणाली. "मामुली काटा होता. तू काऊन इतकं इचारून राह्यली?"

मी बुलढाण्याला पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करत होते. गणितात लहान राशी आम्हीही सोडून देतो, पण कशाच्या मानाने लहान, ते आधी सांगावं लागतं. आईला कितीतरी वर्षांपासून साखरेचा आजार होता.

"डॉक्टरले पाय दाखव."

"तुह्यं शिक्षण माह्या पायावर नको काढू," ती हसली. "दुखलं असतं तं गेली नसती का?"

सुट्टीत घरी धामणगावला गेले, तेव्हा ती वांगी निवडत होती. मी तिच्या पायाचं फडकं सोडलं. टाच काळी पडली होती. वास येत होता.

"तिलेच काही वाटे ना," बाबा भिंतीकडे पाहत म्हणाले, "म्हणून मी बी गप्प राह्यलो."

दुखणं हेच तिचं माप होतं. साखरेनं त्या पायातली जाणीव कधीच मारली होती, आणि ती मात्र त्या मापावर विसंबून रोज वावरात जात होती.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी पाय गुडघ्याखालून काढायला सांगितलं. दुसरा काही उपाय आहे का, मी विचारलं. नव्हता.

"एवढ्याशा काट्यापायी?" आईने विचारलं.

ऑपरेशननंतर एका सकाळी ती म्हणाली, "पोरी, माहा पाय जरा सरकव. टाच ठणकून राह्यली."

"कोणता पाय?"

"तोच."

चादर तिथे सपाट होती. असं होतं, डॉक्टर म्हणाले. कापलेल्या नसा दुखतात, काहींना जन्मभर.

नर्सने विचारलं, "मावशी, फार दुखतं का?"

खाटेची दांडी धरलेली आईची बोटं पांढरी पडली होती.

"नाही बाई," ती म्हणाली. "मामुली."