गेरूचा मार्का

मदतीच्या धान्याचा पहिला ट्रक बन्सीच्या डोळ्यांदेखत जळाला. नाल्याच्या पुलावर आडवी बैलगाडी आणि तिच्यामागं दीड-दोनशे माणसं. ड्रायव्हरला केसाला धरून खाली ओढलं, तोंडावर दगड घातला, दात डांबरावर सांडले. बन्सी मागच्या फळीवरून उडी टाकून मक्यात शिरला. ज्वारीची पोती लवकर पेटेनात, तेव्हा कुणीतरी धावत जाऊन रॉकेलचा डबा आणला. एवढी तत्परता या माणसांनी जन्मात कधी दाखवली नव्हती.

साल अठ्ठ्याहत्तर. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. पिशोरच्या अलीकडं, खैरदऱ्यात बौद्धवाडा जाळला. बन्सीची बहीण लीलाबाई, तिची दोन लेकरं आणि तीस घरांची माणसं डोंगराच्या कपारीत जाऊन बसली. गावानं दुकान बंद केलं, विहीर बंद केली. लेकरं टाकळ्याचा पाला खाताहेत, दोन म्हातारी माणसं गेली, असा सांगावा शहरात, बन्सीच्या वस्तीत, उस्मानपुऱ्यात आला.

उस्मानपुऱ्यात मदतीला तोटा नव्हता, अकलेला होता. कुणी साड्यांचे ढीग आणले, एकानं लग्नातला कोट आणला. भुकेल्यानं काय कोट चावून खायचा? बन्सी चिकलठाण्यातल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बारा वर्षं माल लावत होता. शेवटी उतरायचं ते आधी भरायचं, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. कोट आणि साड्या त्यानं बाजूला सारल्या. ज्वारी, मीठ, आगपेट्या तेवढ्या ठेवल्या. माल नुसता असून भागत नाही, न्यायला वाटही लागते, आणि मोठ्या ट्रकाची वाट आता सगळ्यांना ठाऊक झाली होती.

गारखेड्याच्या माळावर त्रिंबक धनगराची मेंढरं होती. शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, रानाला खत मिळतं, बदल्यात धनगराला धान्य. म्हणून धनगराच्या घोड्यावर पोतं दिसलं तर कुणाची भुवई वर जात नाही. बन्सीनं तेच हेरलं.

"जिवाला धोका हाय, दादा," त्यानं आधीच सांगितलं.

"उपाशी मानसाला दानं द्यायचं तर कुनाला इचारायचं रं?" त्रिंबक म्हणाला. त्याची बायको पुतळाबाई उठली. तिनं घोड्यांचे तंग आवळले.

चार घोडी आणि वाटेत तीन ठिकाणं. कुठली पोती कुठं उतरायची याची गफलत नको म्हणून बन्सीनं गेरू घेतला आणि प्रत्येक पोत्यावर गोदामात काढायचा तसा त्रिकोण काढून खाली रेघा मारल्या. एक रेघ पहिल्या ठिकाणाला, दोन दुसऱ्याला, तीन खैरदऱ्याला. मेंढरांच्या पाठीवर गेरू असतोच, कोण बघतंय, असं त्याला वाटलं. रंगाचा विचार त्यानं केला, त्रिकोणाचा नाही. सवय माणसाच्या आधी हात हलवते.

पाचव्या दिवशी भर दुपारी पुतळाबाई उस्मानपुऱ्यात आली. एकटीच, मागं दोन घोडी. लुगडं रक्तानं कडक झालेलं.

"बन्सी कुठं हाय?" तिनं विचारलं. बन्सी पुढं झाला.

ती उभ्यानंच सांगू लागली. पहिली दोन ठिकाणं नीट पार पडली. पिशोरच्या रस्त्याला टोळीनं अडवलं, धनगर बघून सोडतच होते. तेवढ्यात त्यांच्यातल्या एकानं पोत्यावर हात ठेवला. "हा तर बन्सीचा मार्का! म्या त्याच्या गोदामात हमाली केलीया."

बन्सीच्या तोंडून नाव निघालं, "कडुबा." त्रिकोण आणि रेघा वाचायला कडुबाला त्यानंच शिकवलं होतं.

"म्या दोन घोडी घेऊन म्होरं हुते, वळनावर, झाडीआड," पुतळाबाई म्हणाली. "त्येंनी माझ्या धन्याचं गुडघं कुऱ्हाडीच्या मागल्या तुंब्यानं फोडलं. त्यो वरडत हुता, हाकल, पुतळे, मागं नको बघू. म्या हाकली. मागं त्याचं वरडनं बंद झालं तरी हाकली. दोन घोड्यांची पोटं फाडली, मेंढरं तोडली. सांजंला मागारी आले तवा त्याच्या डोक्याचं काय ऱ्हायलं नव्हतं."



"खैरदऱ्यात दानं पोचलं?" बन्सीनं विचारलं, आणि विचारल्याची त्याला लाज वाटली.

"पोचलं. तुजी भन जित्ती हाय, लेकरंबी. माजा धनी नाय."

"मार्का मी घातला, माय."

तिनं हातातली काठी त्याच्या कानशिलावर हाणली. तो पडला. तिनं आणखी दोन घाव घातले. कुणी तिला धरलं नाही, बन्सीनंही हात वर केला नाही. मग ती घोड्याच्या खांद्याला टेकून हमसून हमसून रडली. रडून झाल्यावर पदरानं नाक पुसत म्हणाली, "ते दानं आठ दिस पुरतील. मंग?"

"मग परत धाडावं लागंल."

"दोन घोडी हायेत. माझ्यासंगं हाकायला मानूस नाय."

बन्सीच्या कानातून रक्त गळत होतं. "त्या रस्त्याला मला समदी वळखत्यात, माय."

"माझ्या धन्यालाबी वळखत हुती, तरी त्यो गेला," पुतळाबाई म्हणाली.

बन्सी उठला आणि ज्वारीचं पोतं घोड्याकडं ओढू लागला.