जोडतिकीट

"माझी आणि बाळाची सारखीच आहे ना, सिस्टर?" बाळंतिणीने पुन्हा विचारलं.

"सारखीच." सिस्टरने बाळाचं मनगट आईच्या मनगटाशेजारी धरून दोन्ही पट्ट्या दाखवल्या. "हा बघा नंबर. आता तुमचं बाळ तुमच्याशिवाय कुणाला मिळायचं नाही. मी मागितलं तरी नाही."

बाळंतीण हसली. प्रसूतीच्या वॉर्डातल्या सगळ्याच बायका या वाक्याला हसत. नोकरीला लागल्यापासून सिस्टर ते म्हणत आली होती, आणि त्यात आपल्याला लागण्यासारखं काही आहे हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. अलीकडे मात्र ते लागायला लागलं होतं. धाकट्या बहिणीचा फोन आल्यापासून.

"ताई, एकदाचं घर मिळालं गं! शाळाही बघून ठेवलीय. सुटी मिळाली की येते आणि बिट्टीला घेऊन जाते."

बिट्टी ही धाकटीची मुलगी. धाकटी आणि तिचा नवरा दूरच्या शहरात कारखान्यात राबत, दुसऱ्या एका जोडप्याबरोबर खोली वाटून राहत. तिथे मूल वाढवायचं कुठे? म्हणून अंगावरचं दूध सुटल्याबरोबर बिट्टी मावशीकडे आली, ती 'थोडे दिवस' म्हणून. सिस्टरचं लग्न आधी जमलं नव्हतं, मग जमवायचं राहून गेलं होतं. बिट्टीचे दात तिच्याकडे आले, गोवर तिच्याकडे निघाला, आणि 'मावशी' म्हणता येईना तेव्हा 'माऊ' हा शब्दही तिच्याच स्वयंपाकघरात जन्माला आला. आता पोरगी शाळेत जाण्याजोगी झाली, तर या बाईसाहेब आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला येणार! असं सिस्टर मनात म्हणाली. तोंडाने म्हणाली, "छान झालं गं."

धाकटी आली ती बुटांचा जोड घेऊन. चाललं की त्यांत दिवे लागत. बूट मापाला मोठे निघाले तेव्हा सिस्टरला कोण आनंद झाला. "मुलीच्या पायाचं माप माहीत नको?" असं ती म्हणणारच होती, तेवढ्यात बिट्टीने बुटांच्या टोकांत मोजे कोंबले आणि घरभर दिवे लावत फिरली. त्या रात्री पोरगी बूट घालूनच झोपली. सिस्टरने आजवर तिला घेतलेल्या बुटांत दिवे सोडाच, नीट नाडीही नसे, कारण नाडीत पाय अडकून पडली तर?

"जायच्या आधी आपण तिघी दोन दिवस कुठेतरी जाऊ," धाकटी म्हणाली. "ते नवीन पार्क झालंय ना, पाळण्यांचं? खर्च माझा. पण तिकिटं तू बघून काढ. तिला काय झेपतं, काय नाही, ते मला काय कळणार?"

हे शेवटचं वाक्य सिस्टरला फार आवडलं. दुसऱ्या दिवशी वॉर्डात काम करता करता ते तिने कितीतरी वेळा आठवून बघितलं.

दुपारी डबा खाऊन ती फोनवर तिकिटं बघायला बसली. आयाबाई शेजारी चादरींच्या घड्या घालत होत्या. मोठ्यांचं साधं तिकीट होतं, सगळ्या मोठ्या राइडचं होतं, आणि लहान मुलांसाठी होतं जोडतिकीट. एक मूल, एक मोठं माणूस. दोघांच्या हातात एकाच नंबरची पट्टी. लहान मुलांच्या भागाला कुंपण, आत मुलाबरोबर ते एकच माणूस जाणार, आणि मुलाला बाहेर न्यायचं तरी तेच नेणार. बाकीच्यांनी कुंपणाबाहेरून बघायचं.

"अगं बाई, हे तर आपल्या वॉर्डासारखंच झालं की!" आयाबाई म्हणाल्या. "मग आहे काय विचार करण्यासारखं? मायलेकींचं एक जोडतिकीट, आणि तुमचं साधं."

"बिट्टीला गरगरलं की उलटी होते."

"होईना. आई पुसेल."

"आईला काय माहीत, आधी ती गप्प होते आणि मग कान लाल होतात ते?"

आयाबाईंनी चादर खाली ठेवली. "सिस्टर, माय मरो पण मावशी जगो म्हणतात ते खरं. पण इथं माय चांगली जिवंत आहे हो."

सिस्टरने जोडतिकिटावर मोठ्या माणसाच्या जागी स्वतःचं नाव घातलं, धाकटीचं साधं तिकीट काढलं, आणि फोन खिशात टाकून ती तडक उठली. दारातल्या खाटेवरची बाई घरी निघाली होती. पट्टी कात्रीने कापू नका, बाळाची आठवण म्हणून सबंध हवी, असा तिचा हट्ट होता. असा हट्ट पुष्कळजणी करत. सिस्टरने नेहमीप्रमाणे साबणाचं पाणी आणलं, तिचा अंगठा तळव्यात दाबला आणि पट्टी अलगद ओढून काढली.

पार्काच्या दारात रांग होती. पट्ट्या बांधणाऱ्या मुलीने बिट्टीच्या मनगटाला पिवळी पट्टी लावली आणि वर न बघता म्हणाली, "जोडतिकिटाची आई कुठेय? हात पुढे करा."

दोन हात उठले. सिस्टरचा आधी पोचला.

"ही आई नाही," बिट्टी खणखणीत आवाजात म्हणाली. "ही माऊ. आई ती."

"कुणीही असू दे बाळा, तिकिटावर हिचं नाव आहे," ती मुलगी म्हणाली आणि पट्टी टचकन बंद केली. "कापलीत तर बाद होईल हं."

धाकटीचा हात अजून अर्धा वरच होता. तो तिने तसाच खांद्याकडे नेला आणि पिशवीचा बंद सारखा केला.

"बरं केलंस ताई," थोडं चालल्यावर ती म्हणाली. "हिला चक्कर आली असती तर मला काही सुचलं नसतं. आण, तुझी पिशवी पण दे माझ्याकडे."

भांडली असती तर सिस्टरला बरं वाटलं असतं. भांडणाची तिने चांगली तयारी केली होती, उलटीपासून लाल कानांपर्यंत. आता ती सगळी वाया गेली.

कुंपणाच्या आत पाण्यात गोल फिरणाऱ्या लहान होड्या होत्या. सिस्टर बिट्टीला घट्ट धरून बसली. होडी सुटली तशी बिट्टी वळली, ती कुंपणाकडे.

"आई, बघ! आई!"

धाकटी दोन पिशव्या, पाण्याची बाटली आणि बिट्टीचा स्वेटर सांभाळत कुंपणाच्या कडेकडेने धावत होती. होडी वळली की तीही वळे. मध्ये झाड आलं की झाडाला वळसा घालून पुन्हा दिसे. बघणाऱ्यांना हसू येत होतं. सिस्टरलाही आलं असतं, पण मांडीवरची पोर सबंध वेळ पाठमोरीच होती. इतक्या जवळ बसून तिला फक्त बिट्टीची वेणी दिसत होती, आणि ती सकाळी धाकटीने घातलेली, वाकडी. जीव असा जळत होता की खालचं पाणी उकळावं.

फेऱ्या संपल्या. ना बिट्टी गप्प झाली, ना तिचे कान लाल झाले.

"माऊ, आई आत का येत नाही?"

"तिचं तिकीट वेगळं आहे."

"मग तुझी पट्टी तिला दे ना. तू रोजच असतेस. आता तिचा नंबर." बिट्टीने क्षणभर माऊच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि समजूत घातली, "नवीन घरी गेलो ना, की तिथं परत तू."

पोरीला कुणी सांगितलंच नव्हतं. धाकटीला वाटलं असणार, ताई सांगेल. ताईला तर वाटत होतं, सांगितलं नाही म्हणजे व्हायचंही नाही. पुढच्या आठवड्यात ही गाडीत बसेल, सरकून शेजारी जागा करून ठेवेल, आणि आपण मात्र फलाटावर.

"चल," ती म्हणाली आणि बिट्टीला घेऊन बाहेर आली.

"काय झालं? उलटी झाली का?" धाकटी धावत आली.

"काही झालं नाही. चल तिकडे, हात धुवायचेत."

हात धुवायच्या जागी सिस्टरने मनगटावर साबण चोळला, अंगठा तळव्यात दाबला आणि पट्टी ओढली. दुसऱ्यांची काढताना तिने कधी ओरखडा उठू दिला नव्हता. स्वतःची काढताना हाडावरची साल निघाली.

"ताई, अगं काय करतेस? बाद होईल!"

"कापली तर बाद. हात आण."

धाकटीने हात पुढे केला. लहानपणी याच बोटांनी ती ताईच्या पदराला लोंबकळत असे. आता ती बोटं जाड झाली होती, पेरांवर भाजल्याचे डाग होते, तळवा खरखरीत. सिस्टरने तो क्षणभर हातात धरून ठेवला. एवढ्या वर्षांत तिने धाकटीच्या हातात आलेले बूट बघितले होते, हात नव्हते बघितले.

"मूठ नको करू. अंगठा आत घे. सैल सोड, मी आहे ना."

पट्टी चढली. सिस्टरने धाकटीच्या मनगटाशेजारी बिट्टीचं मनगट धरलं. "हा बघ नंबर. आता ही तुझ्याशिवाय कुणाला मिळायची नाही." पुढचं वाक्य तिने म्हटलं नाही.

"ताई..." धाकटीचे डोळे भरून आले.

"जा आता, रांग वाढतेय. गप्प झाली तर कानांकडे बघ. पिशव्या दे माझ्याकडे."

दिव्यांचे बूट चमकत कुंपणाच्या आत गेले. दाराशी उभ्या माणसाने दोन्ही नंबर बघितले आणि मान हलवली. सिस्टर कुंपणाशी, जिथून होडी अगदी जवळून जाते, तिथे जाऊन उभी राहिली. होडी सुटली. पहिल्या वळणावर बिट्टी आईला पाण्यात काहीतरी दाखवत होती. दुसऱ्या वळणावर दोघी कशाला तरी हसत होत्या. सिस्टरने हात वर केला.

होडी समोरून गेली. वर गेलेला हात तिने खांद्याकडे नेला, आणि पिशवीचा बंद सारखा केला.