एका केबलचे तीन पत्ते

मित्रांनो, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत कधी डोकावलात, तर तिथे घूं घूं करणारा एक सर्व्हर दिसेल. त्याच्या पाठीला चौकोनी खाच आहे, खाचेत निळी केबल खोचलेली आहे आणि शेजारी एक हिरवा दिवा लुकलुकतो आहे. ती खाच म्हणजे मी, जुना नेटवर्क पोर्ट. दिवा लुकलुकतो आहे म्हणजे मी कामात आहे, आणि रिकामटेकडा मी क्वचितच सापडेन.

मला इथे बसवले तेव्हा माझा पत्ता एकच होता. आमच्यात पत्ता म्हणजे आकड्यांची एक ओळ. त्या आकड्यांनी कोणी हाक मारली की मी ओ देतो. पुस्तकांची यादी पाहणारे मला त्या पत्त्यावर हाक मारत. पुढे सभासदांच्या नोंदींचा सर्व्हर निकामी झाला आणि त्याचा पत्ता माझ्या गळ्यात पडला. मग बोलक्या पुस्तकांचा सर्व्हर गेला, त्याचाही पत्ता माझ्याकडेच आला. केबल एक, पत्ते तीन! वाटले, आता आपली भंबेरी उडणार. पण हाक कुठल्या पत्त्यावर आली ते पाहायचे आणि ती त्या त्या कामाकडे धाडायची, एवढेच तर होते. ग्रंथपालबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "हा एकटा तिघांचं काम करतो हो!" खोटे कशाला बोलू, मी फुशारून जाई.

तिसऱ्या पत्त्यावर माझा विशेष जीव. डोळ्यांनी दिसत नाही अशा बेचाळीस जणांच्या घरी ऐकायची पेटी आहे. बटण दाबले की पेटी मला हाक मारते आणि पुस्तक वाचून दाखवते. तिला तो एकच पत्ता ठाऊक, आणि तो बदलायची सोय नाही. या बेचाळिसांत एक टपालकाका. आयुष्यभर त्यांनी घरोघरी पत्रे वाटली, म्हातारपणी दृष्टी गेली. त्या दिवसांत ते एक रहस्यकथा ऐकत होते. एके दिवशी शेवटचे प्रकरण तेवढे उरले आणि खुनी अजून मोकाट होता.

नेमक्या त्याच दिवशी केबलताई धूळ झटकायला आल्या. यंत्रांची सगळी देखभाल त्यांच्याकडे. साफसफाई झाल्यावर त्यांनी सर्व्हर रीस्टार्ट केला. मी ताजातवाना होऊन जागा झालो, पण दोनच पत्ते घेऊन. गंमत म्हणजे तिसरा पत्ता होता, हेच मी विसरलो होतो!

थोड्याच वेळात घरोघरच्या पेट्यांच्या तक्रारी येऊ लागल्या. केबलताईंनी केबल बदलून पाहिली. काही फरक पडेना.

"पेट्याच जुन्या झाल्यात," त्या वैतागल्या. "सगळ्या मोडीत काढा आता."

ग्रंथपालबाईंचा चेहरा उतरला. बेचाळीस नव्या पेट्या कुठून आणणार? तेवढ्यात टपालकाकांचा फोन आला. बाईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"पुस्तकांची यादी दिसतेय का हो?" काकांनी विचारले.

"दिसतेय की," केबलताई म्हणाल्या.

"मग घर शाबूत आहे, ताई. दारावरची पाटी पडलीय. एका दारामागे तीन बिऱ्हाडं असली की व्हायचंच असं. पाटी नसली की मीही पत्र परत न्यायचो."

केबलताईंनी कपाळावर हात मारला. "अहो, बोलक्या पुस्तकांचा पत्ता मी घाईत नुसता चालू करून दिला होता. सर्व्हर सुरू होताना जी फाइल वाचतो, तिच्यात लिहिलाच नाही! आणि आता आकडे कुठे आठवतायत मला?"

"घ्या लिहून. ही पेटी सकाळपासून माझ्या कानीकपाळी ओरडतेय, अमक्या पत्त्यावर उत्तर नाही म्हणून. पाठ झालाय मला."

काकांनी एकेक आकडा सांगितला आणि ताईंकडून दोनदा वदवून घेतला. मुरलेला टपालवालाच तो! या वेळी ताईंनी पत्ता फाइलमध्ये लिहिला आणि खात्री करायला माझ्यासमोर बसून सर्व्हर पुन्हा रीस्टार्ट केला. बाई नुसत्या टक लावून पाहत होत्या. मी जागा झालो. एक, दोन... आणि तीन!

ताईंनी लगेच काकांना फोन लावला. तो कितीतरी वेळ वाजत राहिला. शेवटी काकांच्या सुनेने उचलला.

"बाबा आत्ता नाही येणार," ती कुजबुजली. "शेवटचं प्रकरण चाललंय."

मित्रांनो, आमच्यावरची धूळ झटका, जरूर झटका. पण आमच्यावर काय काय सोपवले आहे, ते लिहून ठेवायला विसरू नका. आम्ही झोपून उठलो की न लिहिलेले सारे विसरतो, आणि तिकडे कुणाची तरी गोष्ट अर्धीच राहते.