मीठ दोनदा

बुधवार होता. बाराला दहा मिनिटं कमी होती आणि खानावळीतली सहाच्या सहा टेबलं भरली होती. त्या दिवशी उस्ताद आलं आणायला म्हणून मागच्या दाराने बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. त्याला आता अकरा वर्षं झाली.

उस्ताद हे त्यांना गिऱ्हाइकांनी दिलेलं नाव. त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. धाकटी नणंद वाढपाचं काम बघायची आणि दिवसभर 'वहिनी, वहिनी' करत आतबाहेर फिरायची, तिचं ऐकून लोकांनीही तेच उचललं. नणंदेला सगळे बारकी म्हणत. ती आता अठ्ठेचाळीसची होती आणि स्वयंपाकघराच्या दारातून तिरकी होऊन आत यायची, पण लहानपणी पडलेलं नाव कोण बदलणार?

खानावळ फक्त दुपारी चालायची, आणि चालायची तीही एका पदार्थावर. पांढऱ्या मांसाचा मासा घ्यायचा, काटे काढायचे, मीठ चोळून दहा मिनिटं ठेवायचा. वाफेच्या चाळणीत आधी मोहरीच्या पाल्याचे देठ, दोन मिनिटांनी पानं, पानांवर मासा, माशावर आल्याचे केसासारखे काप. सात मिनिटं वाफ. मग सोया सॉसमध्ये थोडी साखर, मीठ आणि लसूण घालून केलेला रस, पातीचा कांदा, आणि सगळ्यात शेवटी तिळाचं कडकडीत तेल. तेल पडताना चर्र झालं नाही तर ते ताट बाहेर जायचं नाही. तेलात संत्र्याच्या वाळक्या सालीचा एक तुकडा असे. ती उस्तादांची खूण. कुणी विचारलं तर म्हणायचे, "बोटीवर होतो ना, तिकडे पूर्वेच्या बंदरात शिकलो."

ते गेल्यावर आठ दिवस खानावळ बंद राहिली. पोलीस चौकीत नोंद झाली, ओळखीच्यांना विचारून झालं. लोक म्हणाले, दुसरं घर केलं असणार. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? नवव्या दिवशी वहिनींनी पदर खोचला आणि शेगडी पेटवली.

तेव्हापासून ते सुरू झालं. चाळणीचं झाकण उचललं, वाफ तोंडावर आली, की आपल्या मागे कुणीतरी उभं आहे असं त्यांना वाटे. डाव्या खांद्याच्या जरा मागे, उस्ताद उभे राहायचे तिथेच. वळून बघितलं की ते जातं, हे त्यांना पहिल्याच महिन्यात कळलं होतं. म्हणून त्या वळायच्या नाहीत. आणि मिठाचं एक होतं. रसात मीठ घालायला हात जायचा, तो मध्येच थांबायचा. चाखून बघावं तर मीठ घातलेलं असायचं. आपण कधी घातलं ते त्यांना आठवायचं नाही. बारकीला हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

आणखीही एक गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. त्या बुधवारी तीन ताटं खारट म्हणून परत आली होती. गेले काही महिने असंच चाललं होतं. उस्ताद रस चाखायचे, मीठ घालायचे, वळायचे, पुन्हा घालायचे. वहिनी त्या दिवशी सगळ्यांच्या देखत बोलल्या होत्या, "अहो, मीठ घातलं की नाही एवढं तरी लक्षात राहतं का? वीस वर्षं तेच करताय. डोकं ठिकाणावर आहे ना?" उस्तादांनी अंगावरचा एप्रन काढला, त्याची नीट चौकोनी घडी घातली आणि म्हणाले, "आलं संपलंय. घेऊन येतो." आल्याची टोपली अर्धी भरलेली होती. वहिनींना ती दिसत होती. रागाच्या भरात त्या काही बोलल्या नाहीत.

अकराव्या वर्षी एक लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस समोरच्या इमारतीत कामाला आला आणि दुपारी जेवायला बसला. अर्धं ताट झाल्यावर त्याने बारकीला बोलावलं.

"ताई, तुमची दुसरी शाखा आहे का?"

"ही एक सांभाळताना नाकी नऊ येतात. का हो?"

"पाच तासांवर एक गाव आहे, तिथे टायरच्या दुकानामागे हेच खाल्लं मी. हेच अगदी. तेलात संत्र्याची सालसुद्धा."

बारकी आत आली तेव्हा वहिनींनी ते ऐकलेलं होतं. हातातली पळी त्यांनी ओट्यावर ठेवली.

"मी उद्या जाते," त्या म्हणाल्या.

"एकटी कशी जाशील? मी येते. दादा सापडला तर आधी मी त्याला दोन ठेवून देणार, मग तुझं काय ते तू बघ."

बसमध्ये वहिनींनी मनात सगळं मांडून ठेवलं होतं. तिथे एक बाई असेल. वयाने लहान असेल, नीटनेटकी असेल. गल्ल्यावर उस्ताद बसलेले असतील, जाडजूड झालेले. आपण काय बोलायचं हेही ठरलं होतं. काहीच बोलायचं नाही, जेवायचं आणि उठायचं.

टायरच्या दुकानामागे चार टेबलांची खोली होती. चुलीशी एक म्हातारी उभी होती, पंचाहत्तरीची, कमरेत वाकलेली. एक हात ओट्याला टेकून दुसऱ्या हाताने ती तेल ओतत होती. चर्र झालं आणि वहिनींच्या अंगावर काटा आला. आणखी कुणीच नव्हतं.

दोघी जेवल्या. चव तीच होती. बारकीने पहिल्या घासालाच डोळे पुसले आणि आलं तिखट आहे म्हणाली.

म्हातारी ताटं उचलायला आली तेव्हा वहिनींनी पिशवीतून फोटो काढून तिच्यापुढे धरला. तिने चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"हा? हा माझ्याकडे वीस वर्षांचा असताना आला, भांडी घासायला. चार वर्षं राहिला. तुम्ही कोण याच्या?"

"बायको. आणि ही बहीण. हे सगळं तुम्ही शिकवलंत त्यांना?"

"मी नाही तर कोण? माझ्या आईची पद्धत आहे ही. ती पूर्वेच्या बेटांवरची."

"ते तर बोटीवर शिकलो म्हणायचे."

म्हातारी हसली. "बोटीवर? त्याला नदीतल्या होडीत बसवला तर ओकायचा."

बारकीलाही हसू आलं. वहिनींना आलं नाही. त्यांनी विचारलं, "नंतर कधी आले होते का?"

म्हातारी खुर्ची ओढून बसली. "एकदाच. दहा-अकरा वर्षं झाली असतील. दुपारचा आला, तिथे भिंतीकडे बसला. मी ताट ठेवलं. दोन घास खाल्ले आणि विचारतो, मावशी, हे कसं करतात? मला वाटलं, थट्टा करतोय. मीही सांगितलं, आधी देठ, मग पानं. अजून दोन घास खाल्ले आणि पुन्हा तेच विचारलं. अगदी त्याच शब्दांत. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी हातातलं काम टाकलं. त्याने खिशातून कागद काढला आणि लिहून घ्यायला लागला."

वहिनींनी टेबलाची कड धरली.

"मी म्हटलं, अरे, तुला येतं की हे. तर म्हणाला, माझी बायको फार छान करते. तिलाच विचारलं असतं, पण ती चिडते."

चुलीवर पाणी उकळत होतं.

"मग?" बारकीने विचारलं.

"मग उठला. म्हणाला, घरी जातो, गिऱ्हाईक खोळंबलंय. स्टँडकडे गेला. मी दारातून हात केला. त्याने बघितलं, पण ओळखलं असं वाटलं नाही. मी तेव्हा त्याला धरून बसवायला हवं होतं का, असं मनात येतं कधी कधी. पण जेवून उठलेल्या माणसाला काय म्हणून धरायचं?"

परतीच्या बसमध्ये दोन तास गेले. मग बारकी खिडकीकडे बघत म्हणाली, "बाबांचंही असंच झालं होतं."

वहिनींनी तिच्याकडे पाहिलं. सासरे त्यांच्या लग्नाआधीच गेलेले. छातीच्या दुखण्याने, असं सांगितलं होतं.

"शेवटी आईला ओळखत नव्हते. तुला कुणी सांगितलं नाही, लग्न मोडेल म्हणून. दादाने मला शपथ घातली होती. त्याचं मीठ दोनदा पडायला लागलं तेव्हाच मला बाबा आठवले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर खरं झालं असतं."

वहिनींना तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसंही वाटलं. त्यांनी दोन्हीतलं काही केलं नाही. त्या म्हणाल्या, "मी त्यांना सगळ्यांसमोर बोलले त्या दिवशी."

"मला माहीत आहे. मी तिथेच होते ना, ताटं घेऊन."

त्या रात्री बारकी वहिनींच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि परत गेली. दुसऱ्या दिवशी रस करताना वहिनींचा हात मिठाच्या बरणीवर थांबला आणि मागची ती चाहूल आली. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना त्या चाहुलीची भीती वाटली. आधी त्यांना वाटायचं, तिथे उभा असलेला माणूस आपल्यावर रागावलाय. आता वाटलं, तो काहीतरी विचारायला उभा आहे आणि विचारायची हिंमत होत नाहीये. त्या शेगडीकडे तोंड करूनच हळूच म्हणाल्या, "आधी देठ. मग दोन मिनिटांनी पानं. विचारा ना पुन्हा, मी नाही चिडत." बारकी दारात ताट घेऊन उभी होती. तिने ते ऐकलं आणि ती तशीच मागे फिरली.

मग शोध नव्याने सुरू झाला. घर सोडून गेलेल्या नवऱ्याचा शोध वेगळा आणि वाट चुकलेल्या माणसाचा वेगळा. पत्ता न सांगता येणाऱ्या लोकांना ठेवतात अशी आठ-दहा घरं म्हातारीच्या गावाच्या आसपास होती. दर सोमवारी खानावळ बंद ठेवून दोघी एकेका ठिकाणी जायच्या. बारकी कचेरीत जाऊन वह्या बघायची. वहिनी आधी स्वयंपाकघरात जायच्या.

चौथ्या ठिकाणी स्वयंपाकघरात एक उंच, शांत बाई भाजी निवडत होती. वहिनींनी फोटो दाखवला. बाईने बराच वेळ बघितलं.

"चेहऱ्यावरून नाही सांगता यायचं. पण एक गृहस्थ होते. चार वर्षांपूर्वी वारले, न्यूमोनियाने. त्यांना स्वतःचं नाव सांगता यायचं नाही. रोज माझ्याजवळ येऊन बसायचे. पालेभाजी दिली की देठ एका बाजूला, पानं एका बाजूला करायचे. तासन्‌तास."

"आणि काही बोलायचे?"

"आलं आणायचंय म्हणायचे. कधी कधी. पण इथले बरेच जण काही ना काही आणायचंय म्हणतात. कुणाला औषध, कुणाला मुलीच्या शाळेचा डबा."

"कुणाबद्दल काही? घरच्या?"

बाईने मान हलवली. "खोटं कशाला सांगू? मला आठवत नाही."

कचेरीत वहीला टाचलेला एक फोटो होता, ते गृहस्थ आजारी असताना काढलेला. दाढी छातीपर्यंत, गाल आत गेलेले, डोळे मिटत आलेले. बारकीने तो बघितला आणि मटकन बाकावर बसली.

"दादा आहे हा."

वहिनींनी फोटो खिडकीपाशी उजेडात नेला. उलटसुलट धरून बघितला.

"कान बघ. त्यांचे कान असे चिकटलेले नाहीत."

"वहिनी, आजारी माणूस आहे. कान काय बघतेस?"

"पंचवीस वर्षं मी त्यांच्या डाव्या बाजूला झोपले. कान मला माहीत आहेत."

"आलं आणायचंय म्हणायचा, ते?"

"बाजारात रोज शंभर माणसं आलं आणतात."

कारकुनाने विचारलं, नोंद काय करायची? दोघींनी एकमेकींकडे बघितलं. शेवटी तो आपला भाऊ असल्याची सही बारकीने एकटीने केली. वहिनी बाहेर फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. बारकी आल्यावर त्यांनी तिला पाण्याची बाटली दिली, तिचा चेहरा पुसला, पाठीवर हात फिरवला, एखाद्याचा भाऊ गेल्यावर करतात तसं सगळं केलं. स्वतः मात्र रडल्या नाहीत.

यावरून दोघींचं भांडण कधी झालं नाही. बारकीने भाऊ गेला असं धरलं. पहिल्या आठवड्यात ती जेवली नाही, मग हळूहळू सावरली, आणि आता ती त्याच्या गोष्टी मोकळेपणाने सांगते, होडीत ओकायचा तीसुद्धा. वहिनी अजूनही सोमवारी बाहेर पडतात, दोन ठिकाणं राहिली आहेत म्हणून. बारकी त्यांना डबा भरून देते आणि कुठे जातेस म्हणून विचारत नाही. पाला निवडायला बसल्या की बारकी म्हणते, "दादाला देठ करकरीत लागायचे." वहिनी म्हणतात, "हो, करकरीतच लागतात." दोघींना एकमेकींचं ऐकू येतं.

परवा एक जोडपं जेवायला आलं, बऱ्याच वर्षांनी या भागात आलेलं. नवऱ्याने इकडेतिकडे बघून विचारलं, "उस्ताद दिसत नाहीत?"

"गेले," बारकी म्हणाली.

"बाहेर गेलेत," वहिनी आतून म्हणाल्या.

गिऱ्हाइकाने एकदा हिच्याकडे, एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मग त्याने खुर्ची पुढे ओढली आणि बायकोला विचारलं, दोघांत एक मासा पुरेल की दोन सांगू?