दम मोडेपर्यंत

फुलबाजारात आमच्या ह्यांना सगळे भोंगा म्हणायचे. मला राग यायचा, पण खोटं कशाला बोलू, नाव शोभायचं. मी छपराच्या पार त्या टोकाला गुलाबाच्या जुड्या बांधत बसायची आणि ह्यांचा आवाज तिथवर खणखणीत यायचा.

आमच्या बाजाराची रीत अशी, की लिलाव पुकारणाऱ्याने भाव एका दमात चढवत न्यायचा. त्याने श्वास घेतला की लिलाव संपला, माल शेवटच्या बोलीवाल्याचा. दम लांब तर भाव चढा, म्हणून बागवाले ह्यांच्यासाठी थांबून राहायचे. व्यापारी वैतागायचे. "अरे भोंग्या, श्वास घे की लेका, मरशील अशाने." काय दिवस होते ते.

घरी आले तरी तोंड बंद नाही. एका गालात घास आणि दुसऱ्या गालात बाजार. "अहो, आधी गिळा," असं मी ओरडायची, पण बाजारात काय झालं ते ऐकायची घाई मलाच असायची.

मग ह्यांच्या गळ्यात एक गाठ आली आणि वाढतच गेली. आधी बोलताना धाप लागायची, नंतर गिळतानाही लागायला लागली. एक घोट घेतला की टेबल धरून श्वास ओढायचे, मग पुढचा घोट. विचारलं तर म्हणायचे, "जरा घाई झाली." घाई कसली डोंबलाची, ताट निवून जायचं. एक तर बोला नाहीतर जेवा, दोन्हीला श्वास पुरत नव्हता. आमचं जेवण मुकं झालं. मला ते घर खायला उठायचं.

डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं. गाठ श्वासनळीवर दाबतेय, काढावीच लागेल. आवाज मात्र पहिल्यासारखा राहील याची खात्री नाही. झालं. हे उठले ते थेट बाजारात.

"आवाज गेला तर मी कोण?" घरी आल्यावर म्हणाले.

"माझा नवरा," मी म्हटलं. "तेवढं पुरत नाही का?"

मी भांडले, अबोला धरला, हात जोडले. पालथ्या घड्यावर पाणी.

मग एका सकाळी एका म्हाताऱ्या बागवालीचे गुलाब लिलावाला आले. ह्यांनी पुकारायला सुरुवात केली. जाड्या व्यापाऱ्याने पहिली बोली लावली, अगदी कवडीमोल. आणि तिथंच ह्यांचा दम मोडला. घशातून शिट्टी वाजावी तसा श्वास ओढला, तो सगळ्या छपराने ऐकला.

रीतीप्रमाणे माल जाड्याचा. हा माणूस म्हणजे एका देठासाठी तासभर हुज्जत घालणारा. पण तो नुसता उभा राहिला.

"मी काही ऐकलं नाही," तो म्हणाला. "घे दम. सावकाश बोल."

बाकीचेही खाली बघत थांबले. एरवी एकमेकांच्या नरड्याला हात घालणारे लोक. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं, असं वाटलं मला.

ह्यांनी टोपली उचलून जाड्यापुढे ठेवली. "रीत म्हणजे रीत," एवढं बोलायला मध्ये थांबावं लागलं. जाड्याने टोपलीला हात लावला नाही. तो म्हातारीकडे वळला. "मावशी, भाव तुम्हीच सांगा."

हे माझ्याकडे चालत आले. "चल," म्हणाले. "काढून टाकू दे गाठ."

इतके दिवस हेच ऐकायला मी जिवाचं रान केलं होतं. ऐकलं, आणि तिथंच जुड्यांवर डोकं टेकून रडले.

आता श्वास मोकळा आहे, घासही सरळ उतरतो. आवाज मात्र गेला, कुजबुज तेवढी उरली. पलीकडच्या खोलीतून हाक मारतात, "अगं, ऐकतेस का?" माझा कान तिथंच असतो, पहिल्या हाकेलाच ऐकू येतं. तरी मी ओ देत नाही, म्हणजे ते पुन्हा हाक मारतात.